सिरियल मॉनिटरवरचा आकडा कुठे बिघडतो?

एलएम३५ हा तीन पायांचा तापमान सेन्सर विज्ञान प्रदर्शनांत हमखास भेटतो. दर अंश सेल्सिअसमागे तो १० मिलिव्होल्ट देतो. आर्डुइनो उनो बोर्डाच्या अ‍ॅनालॉग पिनला तो जोडायचा, पिनवरून ० ते १०२३ मधला जो आकडा मिळेल त्याला ५०० ने गुणायचे आणि १०२३ ने भागायचे, की तापमान हाती आले. जानेवारीत पुण्या-नाशकाकडे हा प्रकल्प निमूट चालतो. मार्चमधल्या एखाद्या दुपारी मात्र बोर्डाने पाठवलेला मजकूर लॅपटॉपवर दाखवणाऱ्या सिरियल मॉनिटरच्या खिडकीत ३०, ३०, ३१, ३१ असे आकडे चढत जातात आणि पुढच्या ओळीत -३१ उमटतो.

मग सेन्सर बदलला जातो, तारा बदलल्या जातात, ब्रेडबोर्डला दोष दिला जातो. यातले काहीच बिघडलेले नसते. उनोवर ‘इंट’ प्रकारच्या पूर्णांकाला १६ बिट मिळतात आणि त्यांत -३२,७६८ ते ३२,७६७ एवढेच आकडे मावतात. सेन्सरची नोंद ६५ असेपर्यंत गुणाकार ३२,५०० येतो आणि मावतो. नोंद ६६ झाली की तो ३३,००० होतो, मर्यादा ओलांडतो, त्यातून ६५,५३६ वजा होतात आणि -३२,५३६ उरतात. त्याला १०२३ ने भागले की -३१. साधारण ३२ अंशांच्या उकाड्यात हा तापमापक बर्फाच्याही ३१ अंश खाली जातो, आणि दर वेळी त्याच ठिकाणी जातो. शंका यायला हवी ती इथेच. तार सैल असती तर आकडे वेडेवाकडे उडाले असते. ठरावीक नोंदीला दर वेळी तोच उणे आकडा मिळत असेल, तर चूक गणितात आहे.

उपाय एका अक्षराचा आहे. ५०० च्या मागे ‘एल’ हे अक्षर लावले की गुणाकार ३२ बिटांत होतो, किंवा ५००.० असे लिहिले की तो दशांश अपूर्णांकात होतो. काही जण शहाणपणा करून आधी भागाकार करतात, म्हणजे नोंद भागिले १०२३, मग गुणिले ५००. तेव्हा पडद्यावर अखंड शून्ये दिसू लागतात, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की सी भाषा दशांश भाग टाकून देते आणि १०२३ पेक्षा लहान प्रत्येक नोंदीचा भागाकार शून्यच येतो. मूळची गुणाकाराची ओळ ईएसपी३२ सारख्या ३२ बिटांच्या चिपवर टाकली, तर गुणाकार आरामात मावतो. एका बोर्डावर ‘चालणारा’ प्रोग्रॅम दुसऱ्या बोर्डावर बिघडतो, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

अशा चुका शोधताना सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या जागी शोधल्यामुळे. सिरियल मॉनिटरवर आपल्याला आकडा दिसत नाही, आकड्याचे अक्षरांत केलेले वर्णन दिसते. चिपच्या मेमरीत असतात बिट. त्यांवरून प्रोग्रॅम एकेक अंकाचे चिन्ह तयार करतो, ती चिन्हे तारेवरून एकामागून एक जातात आणि संगणक ती पडद्यावर काढतो. म्हणून आकडा बिघडायच्या जागा तीन: हिशेबात, अक्षरांत रूपांतर होताना किंवा वाटेत. एलएम३५ ची चूक पहिल्या जातीची होती. आधी जात ठरवायची आणि मगच प्रोग्रॅमला हात लावायचा, हा क्रम मोडला की माणूस संध्याकाळभर बरोबर असलेल्या ओळी बदलत बसतो.

आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्ह्रेआ गावच्या डिझाइन संस्थेत जन्मले. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांना स्वस्तात काहीतरी हलवता-पेटवता यावे, हा हेतू. त्यातला सर्वांत प्रसिद्ध उनो बोर्ड २०१० मध्ये आला. त्याची अ‍ॅटमेगा३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, प्रोग्रॅमसाठी तिच्याकडे ३२ किलोबाइट जागा आहे आणि कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. पडदा नाही, कळफलक नाही. आत काय चालले आहे हे कळायला सिरियलची ती एकच खिडकी, त्यामुळे तिथे दिसेल त्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो.

वाटेतल्या चुका ओळखायला सर्वांत सोप्या, म्हणून त्या आधी उरकू. पडद्यावर आकड्यांऐवजी चौकोन, उलटी प्रश्नचिन्हे आणि युरोपीय भाषांतली टोप्या घातलेली अक्षरे दिसली, तर दोन्ही टोकांचा वेग जुळत नाही असे समजावे. या वेगाला बॉड म्हणतात, तारयंत्रात सुधारणा करणारे फ्रेंच अभियंते एमिल बोदो यांच्या नावावरून. प्रोग्रॅममध्ये ९६०० लिहिले आणि मॉनिटरच्या कोपऱ्यात ११५२०० निवडले, तर एकच बिट संगणक अनेकदा मोजतो आणि त्याचे भलतेच अक्षर होते. ईएसपी८२६६ चा बोर्ड सुरू होताना पहिल्या एक-दोन ओळी कचरा दिसतात आणि नंतर सगळे सुरळीत होते, त्यामागे बिघाड नाही. त्या चिपचा स्वतःचा आरंभीचा संदेश ७४८८० या विचित्र वेगाने येतो आणि त्यानंतर आपला प्रोग्रॅम आपल्या वेगाने बोलू लागतो.

वेगाचा दुसरा परिणाम मात्र लपून बसतो. ९६०० बॉडवर एक अक्षर पाठवायला आठ बिटांच्या मागे-पुढे एकेक बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. एका अक्षराला मिलिसेकंदाहून किंचित अधिक. उनोत पाठवायच्या अक्षरांसाठी ६४ बाइटांची रांग असते आणि ती भरली की छपाईची आज्ञा जागा मोकळी होईपर्यंत अडून राहते. शंभर अक्षरांची ओळ दर फेरीत छापणारा लूप त्यामुळे सेकंदाला दहाही फेऱ्या मारू शकत नाही. मोटर धक्के खात चालते, बटण दाबलेले कळत नाही आणि गंमत म्हणजे चूक शोधण्यासाठी घातलेली छपाईची ओळ काढली की चूक नाहीशी होते. वेग ११५२०० केला की हा त्रास बाराव्या हिश्श्यावर येतो. नवा प्रोग्रॅम ९६०० वर सुरू करण्याची जुनी सवय आज का टिकून आहे, हे मला उमगलेले नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना ही रांग आणखी लवकर भरलेली दिसेल. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, काना-मात्रा वेगळे मोजून. ‘तापमान’ या चार अक्षरी शब्दात सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. तरीही मराठी मजकूर सिरियल मॉनिटरवर व्यवस्थित उमटतो, कारण चिपला अक्षर कळायची गरजच नसते, ती बाइट पुढे ढकलते. आकडेही देवनागरीत हवे असतील, तर प्रत्येक अंकासाठी २२४, १६५ आणि १६६ अधिक तो अंक असे तीन बाइट ‘राइट’ या आज्ञेने पाठवायचे. १६६ ला ० उमटतो, १७५ ला ९. फक्त एकेरी अवतरणात मराठी अक्षर लिहू नये. एकेरी अवतरणात एका बाइटचे अक्षर अपेक्षित असते, तीन बाइट कोंबले की कंपायलर कुरकुरतो आणि पडद्यावर अक्षराऐवजी भलताच आकडा येतो.

आता रूपांतर. गोंधळाचे खरे आगर इथे आहे, आणि त्यातला पहिला गोंधळ ‘प्रिंट’ आणि ‘राइट’ यांचा. ६५ हा आकडा ‘प्रिंट’ला दिला की सहा आणि पाच अशी दोन चिन्हे जातात. ‘राइट’ला दिला की ६५ या किमतीचा एकच बाइट जातो, आणि अ‍ॅस्की तक्त्यात ६५ म्हणजे इंग्रजी मोठा ‘ए’. उलट्या दिशेने हाच प्रकार वाचताना होतो. मॉनिटरमधून ७ टाइप करून एंटर दाबावे आणि ‘रीड’ने आलेली किंमत छापावी, तर ५५ दिसतात, आणि मागोमाग १३ व १० सुद्धा दिसू शकतात. ५५ हा ‘सात’ या चिन्हाचा क्रमांक, कारण तक्त्यात शून्य ४८ वर बसलेले आहे. १३ आणि १० ही एंटरची दोन अदृश्य चिन्हे. ४८ वजा केले की सात मिळतात. ‘रीड’च्या आधी काही आले आहे का हे तपासलेच नाही, तर -१ च्या रांगा लागतात, कारण रिकाम्या हाताने परतताना ते फंक्शन -१ देते. ‘पार्सइंट’ वापरणाऱ्यांना २५ पाठवल्यावर २५ मिळतात आणि सेकंदाभराने एक आगंतुक शून्य येते. तेही त्या एंटरचेच. मागे राहिलेल्या चिन्हात आकडा शोधत फंक्शन एक सेकंद थांबते आणि कंटाळून शून्य परत करते.

‘प्रिंट’च्या दुसऱ्या कलमाने तर भल्याभल्यांना चकवले आहे. दशांश अपूर्णांक छापताना ते कलम म्हणजे दशांश चिन्हापुढची स्थळे. ते न दिल्यास दोन स्थळे धरली जातात. पण पूर्णांक छापताना तेच कलम संख्यापद्धतीचा पाया ठरते. २५.० या किमतीला ४ दिले की २५.०००० छापले जाते. व्हेरिएबलचा प्रकार कुणी फ्लोटवरून इंट केला, बाकी ओळीला हातही लावला नाही, की त्याच ओळीतून १२१ बाहेर पडतात. चारच्या पायात पंचवीस म्हणजे १२१. आणि ४ च्या जागी २ असेल तर ११००१, म्हणजे द्विमान. छपाईची ओळ कुणीच बदललेली नसते, त्यामुळे तिच्यावर संशय जात नाही. माझ्या मते आर्डुइनोच्या लायब्ररीतला हा सर्वांत दुर्दैवी निर्णय आहे. एकाच जागी दोन अर्थ ठेवायला नको होते.

आघाडीची शून्ये हे दुसरे दुखणे. संख्या म्हणून ५ आणि ०५ यांत फरक नाही, म्हणून ‘प्रिंट’ शून्य लावत नाही आणि घड्याळ ९:५:३ अशी वेळ सांगते. दहापेक्षा लहान किमतीआधी एक शून्य छापायचे, एवढे केले की ०९:०५:०३. षोडशमान पद्धतीत छापलेल्या आरएफआयडी कार्डाच्या क्रमांकात हीच चूक जास्त महागात पडते. एखादा बाइट दहा असेल तर ‘शून्य-ए’ ऐवजी नुसता ‘ए’ छापला जातो, अक्षरे एकमेकांना चिकटतात आणि दोन वेगळ्या कार्डांचे क्रमांक सारखे दिसू शकतात. इथे १० ऐवजी १६ पेक्षा लहान किमतीआधी शून्य द्यायचे, हे विसरणारेही कमी नाहीत. आणि छापताना लावलेले शून्य निरुपद्रवी असले, तरी प्रोग्रॅममध्ये लिहिलेले नसते. सी भाषेत शून्याने सुरू होणारी संख्या आठाच्या पायातली समजली जाते. महिना ‘०१०’ असा लिहिला की तो ऑक्टोबर न राहता ऑगस्ट होतो, आणि ‘०८’ लिहिले तर कंपायलर थेट नकार देतो, कारण आठाच्या पायात आठ हा अंकच नाही.

घड्याळाचाच विषय निघाला आहे, तर डीएस१३०७ आणि डीएस३२३१ या वेळ राखणाऱ्या चिपांची गोष्ट सांगायला हवी. त्यांच्याकडून थेट सेकंद वाचले तर मॉनिटरवर ७, ८, ९ आणि मग एकदम १६ येतो. पुढे २५ पर्यंत नीट, मग ३२. मिनिट संपता संपता ८९. चिप बरोबर असते. ती प्रत्येक दशमान अंक चार-चार बिटांत वेगळा ठेवते, म्हणून ५९ सेकंद तिच्याकडे षोडशमान ५९ असतात आणि आपण ते साध्या पद्धतीने वाचले की ८९ होतात. वरचे चार बिट काढून दहाने गुणावेत, खालचे चार त्यात मिळवावेत. एखाद्या रांगेत ९ नंतर १६ दिसला की पुढचा विचार करायची गरजच नाही, निदान तिथेच झाले.

दशांश अपूर्णांक टाळण्यासाठी अनुभवी मंडळी तापमान शंभरपट करून पूर्णांकात ठेवतात, आणि हे योग्यच आहे. छापताना मात्र शंभराने भागून आलेला आकडा, मग टिंब, मग बाकी असे तीन तुकडे छापले जातात. २५३७ चे २५.३७ झालेले पाहून सगळे खूश होतात. २५०५ आले की २५.५ छापले जाते, म्हणजे जवळपास अर्ध्या अंशाची चूक, आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण २५.५ हे तापमान दिसायला अगदी सभ्य आहे. महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा सहसा न दिसणारी पुढची चूक लेहमधल्या किंवा शीतगृहातल्या उपकरणात दिसते: -३२५ चे -३.-२५ होते. बाकीलाही उणे चिन्ह लागते. आधी चिन्ह वेगळे छापावे, मग किंमत धन करावी, आणि बाकी दोन अंकी भरून छापावी. चुकीचा दिसणारा आकडा त्यामानाने बरा. २५.५ सारखा बरोबर दिसणारा चुकीचा आकडाच जास्त घातक.

ज्यांना ही जुळवाजुळव नको असते ते ‘एसप्रिंटएफ’कडे वळतात. फंक्शन उत्तम, पण उनोवर त्याच्या काही खोडी आहेत. अपूर्णांकासाठीचे टक्का-एफ तिथे जागा वाचवण्यासाठी मुळात वगळलेले असते आणि आकड्याच्या जागी नुसते प्रश्नचिन्ह छापले जाते. त्यासाठी ‘डीटीओएसटीआरएफ’ या अवघड नावाच्या फंक्शनने आधी अपूर्णांकाचा मजकूर करून घ्यावा लागतो. टक्का-डी हे १६ बिटांच्या इंटसाठी आहे. बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणाऱ्या ‘मिलिस’ची ३२ बिटांची किंमत त्याला दिली की पहिले बत्तीस सेकंद सगळे छान दिसते आणि तेहतिसाव्या सेकंदात आकडा उणे होतो. तिथे टक्का-एल-यू हवे. शिवाय ‘१२:३४:५६’ या आठ चिन्हांसाठी नऊ बाइटांची जागा ठेवायची असते, कारण शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून एक शून्य बाइट बसतो. आठच ठेवले तर तो शून्य शेजारच्या व्हेरिएबलवर जाऊन बसतो, आणि बिघाड भलत्याच ठिकाणी दिसतो.

मजकुराला अधिक चिन्हाने आकडा जोडण्याची सवय जावास्क्रिप्ट किंवा जावा शिकून आलेल्यांना असते. सी मध्ये अवतरणातला मजकूर म्हणजे मेमरीतला एक पत्ता. त्यात चार मिळवले की पत्ता चार घरे पुढे सरकतो. रोमन लिपीतल्या ‘टेम्परेचर’ शब्दाची पहिली चार अक्षरे गायब होऊन उरलेली सात छापली जातात. तापमान २५ असेल तर पत्ता शब्द ओलांडून मेमरीत पुढे जे काही पडलेले असेल त्यावर जातो आणि तेच छापतो. लेबल एका ओळीत छापावे, आकडा दुसऱ्या ओळीत. कंटाळवाणे आहे, पण चालते.

लूपच्या चुकांकडे येऊ. आर्डुइनोत ‘सेटअप’ एकदा चालते आणि ‘लूप’ बोर्ड बंद होईपर्यंत पुन्हा पुन्हा, हे पहिल्या दिवशी शिकवले जाते, पण त्याचा अर्थ उशिरा उमजतो. ‘लूप’च्या आत जाहीर केलेला मोजणी करणारा व्हेरिएबल प्रत्येक फेरीत नव्याने शून्य होतो आणि मॉनिटरवर १, १, १ अशी माळ लागते. तो बाहेर न्यावा किंवा त्यापुढे ‘स्टॅटिक’ लिहावे. ‘फॉर’च्या कंसानंतर चुकून पडलेला अर्धविराम लूपचे पोट रिकामे करतो आणि दहादा छापायचे ते एकदाच छापले जाते. ‘इफ’मध्ये दोन बरोबर चिन्हांऐवजी एक लिहिले की तुलना होण्याऐवजी किंमत भरली जाते आणि अट बहुधा कायमची खरी ठरते.

न थांबणाऱ्या लूपमागे बहुतेकदा पुन्हा आकड्याचा आकारच असतो. ‘बाइट’ प्रकारात ० ते २५५ मावतात. ‘२५६ पेक्षा लहान असेपर्यंत’ अशी अट बाइटच्या बाबतीत कधीच खोटी होत नाही, कारण २५५ नंतर पुन्हा ० येतो. उलट मोजताना ‘शून्य किंवा त्याहून मोठा असेपर्यंत’ ही अटही तशीच, कारण बाइट उणे होऊच शकत नाही. ० नंतर तो २५५ होतो.

दशांशाने चालणारा लूप त्याहून फसवा. शून्यापासून ०.१ मिळवत जायचे आणि किंमत १.० झाली की थांबायचे, असा लूप थांबत नाही. ०.१ ही संख्या द्विमानात नेमकी लिहिताच येत नाही. उनोच्या ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये दहा वेळा ०.१ मिळवले की जवळपास १.००००००१ होतात. पण मॉनिटरवर दोनच स्थळे छापली जात असल्यामुळे १.०० दिसतो. पडदा सांगतो ‘एक झाला’, अट सांगते ‘झाला नाही’, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर. स्थळे सात करून छापली की भांडण मिटते. फेऱ्या पूर्णांकाने मोजाव्यात आणि दशांश किंमत प्रत्येक फेरीत दहाने भागून काढावी.

दहा घरांच्या अ‍ॅरेत क्रमांक ० ते ९ असतात. ‘१० पेक्षा लहान’ऐवजी ‘१० किंवा लहान’ लिहिले की अकरावा आकडा म्हणून काहीतरी अगम्य छापले जाते. वाचण्यावर निभावले तर ठीक. त्या अकराव्या घरात लिहिले, तर शेजारच्या कुणाची तरी किंमत पुसली जाते, आणि उनोत त्याला अडवणारे कुणी नाही. मेमरी फारच विस्कटली की चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि ‘सेटअप’मधला स्वागताचा संदेश मॉनिटरवर परत परत येतो. पाहणाऱ्याला वाटते की ‘सेटअप’च लूपमध्ये अडकले. तो संदेश मॉनिटर उघडताना एकदा जास्त दिसला तर मात्र घाबरू नये, मॉनिटर उघडला की उनो रीसेट होतोच.

वेळेच्या हिशेबात एक चूक इतकी देखणी आहे की ती वर्गात मुद्दाम करून दाखवावी. एक मिनिट थांबायचे म्हणून ‘डिले’ला ६० गुणिले १००० दिले जातात. दोन्ही आकडे इंट, म्हणून गुणाकारही १६ बिटांत. ६०,००० मावत नाहीत, -५,५३६ उरतात. ‘डिले’ला उणे कळत नाही, ते त्याला ३२ बिटांची धन संख्या समजते: ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद. बोर्ड ४९ दिवसांहून अधिक काळ थांबतो. थेट ६०००० लिहिले असते तर कंपायलरने आपणहून मोठा प्रकार निवडला असता. वाचायला सोपे जावे म्हणून केलेल्या गुणाकाराने घात केला. ६० च्या मागे ‘यूएल’ लावले की प्रश्न सुटतो.

साधारण तेवढ्याच, म्हणजे ४९.७ दिवसांनी ‘मिलिस’चा गणकही पुन्हा शून्यावर येतो. त्याची भीती बाळगून पुष्कळ जण गणक शून्य करायच्या क्लृप्त्या शोधतात. गरज नाही. रात्री अकराला निघालेली गाडी दोनला पोचली तर तीन तास लागले, हे घड्याळात दोन अकरापेक्षा लहान असूनही आपण बरोबर सांगतो. चिन्हरहित संख्यांची वजाबाकी नेमके तेच करते. आताच्या वेळेतून मागची वेळ वजा करावी आणि अंतराशी तुलना करावी. ‘मागची वेळ अधिक अंतर’ अशी बेरीज करून तुलना केली तर मात्र वळणावर गडबड होते. आणि ‘मिलिसला हजाराने भागून बाकी शून्य आली तर छाप’ ही युक्ती तर कधीच वापरू नये. लूप वेगात असेल तर त्याच मिलिसेकंदात ओळ अनेकदा छापली जाते, मंद असेल तर तो मिलिसेकंद निसटतो आणि ओळच येत नाही.

आकारात न मावणाऱ्या आकड्यांची किंमत खेळण्यांपुरती नसते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून निघालेले पहिले एरियन ५ रॉकेट उड्डाणक्रम सुरू झाल्यावर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटांची दशांश किंमत १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना ती मावली नाही आणि तो हिशेब करणारी यंत्रणा बंद पडली. हा प्रोग्रॅम एरियन ४ कडून जसाच्या तसा आला होता, आणि त्या जुन्या रॉकेटचा वेग तेवढा वाढत नसे. गणितज्ञ जाक-लुई लिओन्स यांच्या चौकशी समितीच्या अहवालातला पुढचा भाग मला अधिक बोधक वाटतो. बंद पडलेल्या यंत्रणेने पाठवलेला निदानाचा संदेश मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचला आणि त्यावरून रॉकेट वळवले. बाइट तेच, वाचणाऱ्याने अर्थ निराळा लावला. ‘प्रिंट’ आणि ‘राइट’च्या गोंधळाचाच हा थोरला भाऊ.

मग प्रत्यक्षात शोधायचे कसे? सेन्सर बाजूला ठेवून त्याच्या जागी स्वतः आकडा लिहावा. लिहिलेला आकडा नीट छापला गेला तर छपाई निर्दोष, नाहीतर सेन्सर निर्दोष. आकडे निवडताना काठावरचे निवडावेत: ०, ९, १०, ९९, १००, -१, २५५, २५६, ३२७६७, ३२७६८. मधले आकडे जवळजवळ नेहमीच बरोबर येतात, म्हणून त्यांनी काहीच सिद्ध होत नाही. छापताना किमतीच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस द्यावेत, म्हणजे अदृश्य रिकामी जागा आणि चिकटलेले अंक उघडे पडतात. संशय आल्यास तीच किंमत षोडशमानात आणि दशमानात शेजारी छापावी.

आणि एक काम आजच करावे. आर्डुइनो आयडीईच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपायलरच्या सूचनांचा पर्याय असतो, आणि तो मुळात ‘नन’वर ठेवलेला असतो, म्हणजे कंपायलरला दिसलेल्या शंका आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. तो ‘ऑल’ करा. ६० गुणिले १००० चा ओव्हरफ्लो, ‘इफ’मधले एकेरी बरोबर चिन्ह, २५६ शी तुलना होणारा बाइट आणि ३२ बिटांच्या किमतीला लावलेला टक्का-डी, हे चारही तो बोर्डात प्रोग्रॅम जाण्याआधीच लाल अक्षरांत सांगतो. एलएम३५ चा गुणाकार तो पकडू शकत नाही, कारण सेन्सर काय नोंद देणार हे त्याला आधी माहीत नसते. तेवढी तपासणी तुम्हालाच करायची आहे.